कॅमेऱ्यावर लावला की फ्लॅश उडतच नाही, टेस्ट बटणावर मात्र उडतो

सातारकर_क्लिक:
मंडळी जरा मदत करा. कॅमेरा कॅनन २००डी मार्क २ आहे, त्याच्यासाठी स्वस्तातला मॅन्युअल फ्लॅश मागवला, चार पेन्सिल सेलवाला. सेल नवे आहेत, टेस्ट बटण दाबलं की मस्त उडतो, पण कॅमेऱ्यावर चढवून फोटो काढला की ढिम्म. लॉकिंग रिंग घट्ट केली, काढून पुसून परत लावला, मेनूत फ्लॅश फायरिंग पण चालू आहे. दुकानदार म्हणतो पीस ओके आहे, परत घेणार नाही. रविवारी मावसबहिणीचं डोहाळजेवण आहे हॉलवर आणि फोटोची जबाबदारी माझ्या गळ्यात. काय करू?

उगाच_अनुभवी:
लाइव्ह व्ह्यूवर (मागच्या स्क्रीनवर बघून) काढतोयस का? परक्या कंपनीचे फ्लॅश कधी कधी त्यात उडत नाहीत. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बघ एकदा.

सातारकर_क्लिक:
बघितलं दादा, तेच.

नीता_टिपते:
फ्लॅश चांगलाय रे, दुकानदाराशी भांडू नकोस. फ्लॅशचा पाय उलटा करून बघ, मधोमध एकच जाड टोक असेल. आता कॅमेऱ्याच्या हॉट शूमध्ये (वर फ्लॅश बसवायची खाच) बघ, मधे जिथे गोल धातूचा ठिपका असायला हवा तिथे नुसतं काळं प्लास्टिक आहे, कॅननचे स्वतःचे बारीक पॉइंट तेवढे आहेत. या मॉडेलला मधला कॉन्टॅक्ट दिलेलाच नाहीये, ३०००डीला पण नाही. साध्या मॅन्युअल फ्लॅशला "उड" हा निरोप त्या मधल्या टोकातूनच जातो, इथे ते टोक टेकायला काही नाहीच. कॅननचं ई-टीटीएल (कॅमेराच उजेड मोजून फ्लॅशला सांगतो ती पद्धत) बोलणारे फ्लॅश चालतात कारण त्यांना निरोप बाकीच्या पॉइंटमधून मिळतो.

रविवारपुरतं फुकटात जमेल. तुझ्या फ्लॅशला एस१, एस२ असे (दुसऱ्या फ्लॅशचा उजेड बघून उडायचे) मोड आहेत का? असतील तर एस२ लाव, कॅमेऱ्याचा पॉप-अप (त्याचा स्वतःचा छोटा फ्लॅश) उघड, आणि फ्लॅश हातात धर नाहीतर स्टँडवर ठेव (पॉप-अप उघडला की वर जागाच उरत नाही). पॉप-अप चमकला की त्याचा उजेड बघून हा उडतो. एस१ नको, कारण कॅमेरा आधी एक छोटी चमक सोडतो माप घ्यायला, एस१ तिलाच भुलून आधीच उडतो आणि फोटोत काहीच येत नाही, माणूस डोकं धरून बसतो. फ्लॅशचा पुढचा लाल काचेसारखा भाग कॅमेऱ्याकडे वळलेला हवा.

उगाच_अनुभवी:
हे मला नव्हतं माहीत, धन्यवाद ताई. फक्त एक, हॉलवर भाड्याचा फोटोग्राफर असेल तर त्याच्या प्रत्येक फ्लॅशबरोबर याचाही उडत राहणार, सेलची वाट.

सातारकर_क्लिक:
उडालाsss!! एस२ वर एकदम चालू. पण फोटो पांढरेफटक येतायत, मावशीचं कपाळ नुसतं चकाकतंय. आणि वरचा अर्धा फोटो उजळ आणि खाली काळा पट्टा, हे काय आता?

नीता_टिपते:
काळा पट्टा म्हणजे बहुतेक शटर जास्त फास्ट पडतंय. या कॅमेऱ्याची मर्यादा १/२०० आहे, त्यापुढे शटरचा पडदा एकदम पूर्ण उघडा नसतोच, म्हणून फोटोच्या एका भागाला फ्लॅशचा उजेड मिळत नाही. एम मोडवर १/१६०, एफ ५.६, आयएसओ ४०० पासून सुरू कर, पॉप-अपचं फ्लॅश कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) उणे २ ला ने म्हणजे त्याचा फक्त इशारा राहील. आणि तोंडावर मारू नकोस बाई-बाप्यांच्या, फ्लॅशचं डोकं छताकडे वळव, म्हणजे उजेड छतावर आपटून खाली येईल (बाउन्स). हॉलला पांढरं पीओपी असेल तर सोनं, पॉवर १/४ ठेवून बघ, कमी पडलं तर वाढव. लाकडी किंवा रंगीत छत असेल तर बाउन्स करू नकोस, सगळे कावीळ झाल्यासारखे दिसतील, त्यापेक्षा स्टेशनरीवाल्याकडून पांढरा कार्डशीट घे आणि फ्लॅशच्या डोक्यामागे रबरबँडने लाव.

पुढे फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब ठेवून वापरायचा झाला तर रेडिओ ट्रिगर (बिनतारी फ्लॅश उडवणारी जोडी) घे, पण घेताना "मधल्या पिनशिवाय चालतो का" हे विचारूनच, सगळे नाही चालत.

सातारकर_क्लिक:
ताई _/\_ सेल कुठले घेऊ? नेहमीचे चालतील?

उगाच_अनुभवी:
चालतील पण दोन फोटोंमध्ये वाट बघत बसशील. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडवाले घे, २००० एमएएचच्या आसपासचे. ते करंट पटकन देतात म्हणून फ्लॅश लवकर भरतो. चार आत, चार खिशात, आणि चार्जर आदल्या रात्रीच लाव.