परत येणं जास्त जड गेलं
परदेशात शिकायला जाण्याबद्दल एकाने लिहिलंय, 'तिकडे रुळायला वेळ लागतो, पण परत आल्यावर कसला त्रास, आपलंच तर घर'. पहिलं मान्य, दुसरं अजिबात नाही. मी जर्मनीत एक सेमिस्टर एक्स्चेंजवर होतो. रविवारी दुकानं बंद असतात हे पहिल्याच आठवड्यात अर्धपोटी राहून शिकलो (दुपारी एक ते चारची सवय असलेल्या पुणेकराला खरं तर लाज वाटायला हवी होती), पण दीड-दोन महिन्यांत बस्तान बसलं. तिथे आपण नवखे आहोत हे समोरच्यालाही ठाऊक असतं, चुका खपून जातात.

परत आल्यावर ती सवलत नाही. नळस्टॉपला पादचाऱ्यांचा दिवा हिरवा व्हायची वाट बघत उभा राहिलो, तर मागून एक आजोबा म्हणाले, "काय रे, मुहूर्त बघतोयस का?" घरी माझ्या खोलीत धाकट्या भावाने संसार थाटलेला. 'तिकडे ना...' असं सुरू केलं की आई पोळ्या आणायला उठायची. यावर जुना अभ्यासही आहे. नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांवरून समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये परक्या देशात रुळण्याचा 'यू' आकाराचा आलेख मांडला: आधी उत्साह, मग घसरण, मग सावरणं. १९६३ मध्ये गुलाहॉर्न या संशोधक दांपत्याने त्याला परतीचा दुसरा 'यू' जोडला आणि त्याचा 'डब्ल्यू' झाला. हे आधी माहीत असतं तर भावाशी खोलीवरून इतका भांडलो नसतो. बहुतेक.