शब्दचर्चा: ‘ड्युअल बूट’, ‘पार्टिशन’, ‘हायबरनेट’ यांना मराठीत काय म्हणावं?

शब्दपारखी: विंडोज असलेल्या लॅपटॉपवर शेजारी उबंटू (लिनक्सवरची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) कसं बसवायचं, याची मार्गदर्शिका मराठीत लिहायला घेतली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. ज्यांचं यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, त्यांच्यासाठी मुख्यतः हा खटाटोप. शब्दांची कच्ची यादी अशी: ड्युअल बूट (एका यंत्रावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम) – दुहेरी आरंभ, पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) – विभाजन, माउंट (पार्टिशन वापरायला उघडणं) – आरोहण, हायबरनेट (चालू अवस्था डिस्कवर लिहून यंत्र बंद करणं) – शीतनिद्रा. बिनधास्त खोडा.

उबंटूकर: पहिलाच खोडतो. ‘दुहेरी आरंभ’ म्हटलं की दोन्ही सिस्टिम एकदम सुरू होतात असं वाटतं. इथे एका वेळी एकच चालते, दुसरी हवी तर रिस्टार्ट. दोन्ही एकदम हव्या असतील तर ते काम व्हर्च्युअल मशीनचं, म्हणजे एका सिस्टिमच्या आत दुसरी चालवण्याचं. ‘ड्युअल बूट’ तसंच ठेवा आणि पहिल्या परिच्छेदात हा फरक सांगून टाका.

‘आरंभ’ला माझी हरकत आणखी एका कारणाने आहे. बूट म्हणजे बटण दाबल्यापासूनची साखळी: आधी फर्मवेअर (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम), मग बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम), मग कर्नल (सिस्टिमचा गाभा). कंपनीचा लोगोच दिसत नसेल तर बिघाड फर्मवेअरच्या किंवा हार्डवेअरच्या पातळीवर. काळ्या पडद्यावर नुसता ‘ग्रब’ (उबंटूचा बूटलोडर) आणि लुकलुकता कर्सर असेल तर बूटलोडर सुरू झालाय, पण त्याला त्याची सेटिंगची फाइल सापडत नाहीये. उबंटूचा लोगो येऊन गाडी अडली तर बरेचदा ग्राफिक्स ड्रायव्हर. मदत मागणारा ‘आरंभ होत नाही’ एवढंच लिहील, तर यातलं काय ते कसं कळणार?

पेनड्राइव्ह: दुकानातली भाषा पण घ्या की. गिऱ्हाईक म्हणतं, ‘फॉरमॅट मारून द्या’. त्याला हवी असते नवी विंडोज, आणि फोटो जसेच्या तसे. फॉरमॅट म्हणजे त्या पार्टिशनवरची फाइलव्यवस्था नव्याने मांडणं, जुनं सगळं गेलं. ‘विंडोज टाकणे’ आणि ‘फॉरमॅट मारणे’ हे दोन वेगळे वाक्प्रचार म्हणून नोंदवा. ड्युअल बूट करताना विंडोजच्या एकाही पार्टिशनला फॉरमॅट मारायचा नसतो. इन्स्टॉलरमध्ये ‘इरेज डिस्क’ दिसलं की हात मागे घ्यायचा. तिथे ‘डिस्क’ म्हणजे अख्खी डिस्क, फक्त सी ड्राइव्ह नव्हे.

तिरकस: विभाजन फारच सरकारी वाटतं. फाळणी म्हटलं तर सीमेवर सैन्य उभं राहतं. ‘पोटहिस्सा’ घ्या. डिस्क हा गट नंबर, पार्टिशन हा पोटहिस्सा आणि पार्टिशन टेबल, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठे याची नोंद, हा सातबारा. गावाकडच्या माणसाला एका वाक्यात कळेल.

उबंटूकर: हे चेष्टेत लिहिलंय, पण बसतं. सातबारा गहाळ झाला तरी जमीन जागेवर असते, तसंच टेबल बिघडलं तरी डेटा लगेच पुसला जात नाही. जुन्या एमबीआर पद्धतीत हे टेबल डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये, तेही जेमतेम ६४ बाइट, म्हणून प्रायमरी (मुख्य) पार्टिशन चारच. नव्या जीपीटी पद्धतीत टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते आणि विंडोज १२८ पार्टिशन पाडू देतं. तरी मजकुरात ‘पार्टिशन’च लिहा, कारण पडद्यावर तेच दिसणार. क्रियापद मात्र आपलं: पार्टिशन *पाडतात*.

शब्दपारखी: पोटहिस्सा एकदा समजावण्यापुरता वापरतो. मग ‘अनअलोकेटेड’ला, म्हणजे कुठल्याच पार्टिशनमध्ये नसलेल्या जागेला, ‘पडीक जागा’?

पेनड्राइव्ह: ‘मोकळी जागा’ मात्र लिहू नका. सी ड्राइव्हमध्ये २०० जीबी मोकळी दिसते, ती सी च्याच हद्दीतली. उबंटूसाठी हद्द आत सरकवावी लागते. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वर राइट क्लिक, ‘श्रिंक व्हॉल्यूम’. तो आकडा एमबीत मागतो, म्हणजे १०० जीबी हवी तर १०२४०० टाका. उबंटूला किमान २५ जीबी लागते, पण एवढ्यावर भागवाल तर वर्षभरात चिमटा बसेल. काळ्या पट्टीची जी जागा सुटेल तिला हात लावायचा नाही. तिथे ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ केलं की ती पुन्हा विंडोजची झाली, इन्स्टॉलर तिला रिकामी समजणार नाही.

मोकळी जागा भरपूर असूनही श्रिंक थोडीच जागा देतो, अशी तक्रार नेहमीची. मध्ये न हलणाऱ्या फाइली बसलेल्या असतात: पेजफाइल (मेमरी कमी पडली की वापरायची फाइल), रिस्टोअर पॉइंट (मागच्या अवस्थेत परतण्यासाठीच्या नोंदी) आणि हायबरनेशनची फाइल.

उबंटूकर: आणि इथेच तुमच्या ‘शीतनिद्रे’शी गाठ पडते. शब्द छान आहे, ठेवाच. कारण विंडोजमधलं ‘शट डाउन’ हे पूर्ण बंद होणं नसतं. फास्ट स्टार्टअप चालू असेल, आणि तो मुळातच चालू असतो, तर वापरकर्त्याचं सत्र संपतं पण कर्नलची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते. म्हणजे अर्धी शीतनिद्रा. गंमत अशी की ‘रिस्टार्ट’ मात्र पूर्ण बंद करून पुन्हा उठवतो.

अशा अवस्थेत उबंटूतून सी उघडायला गेलात तर तो उघडायला नकार देतो किंवा ‘फक्त वाचा’ म्हणतो. जबरदस्तीने लिहायची सोय काढलीत तर विंडोज जागं होताना सी चं जुनंच चित्र डोक्यात घेऊन उठतं आणि त्याच हिशोबाने लिहितं. फाइली अशाच खराब होतात. उपाय: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणांचं पान, तिथे ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. एकदाच पूर्ण बंद करायचं असेल तर शिफ्ट दाबून शट डाउन. हायबरनेशनच बंद केलं तर ती मोठी फाइल जाते आणि श्रिंकही जास्त जागा देतो. मोठ्या अपडेटनंतर ही खूण परत आली नाही ना, ते बघायचं.

तिरकस: म्हणजे मराठीत ‘शट डाउन’ला ‘डुलकी’ म्हणायला हवं.

शब्दपारखी: आणि ‘आरोहण’?

उबंटूकर: गिर्यारोहणाच्या क्लबला देऊन टाका. ‘माउंट करणे’ लिहा, समजावताना ‘चढवणे–उतरवणे’ चालेल. नुसतं ‘जोडणे’ नको, ती केबल जोडतात.

माउंट पॉइंटच्या (कुठलं पार्टिशन कुठे चढवायचं, त्या जागेच्या) पानावर एक सूचना ठळक लिहा. ईएफआय पार्टिशन विंडोज आणि उबंटू दोघं मिळून वापरतात. छोटंसं असतं, विंडोजने केलेलं बहुधा १०० एमबीचं, फॅट ३२. त्यात दोघांच्या बूटलोडरची वेगवेगळी फोल्डर असतात. उबंटू बसवताना ते निवडायचं, पण त्यापुढची ‘फॉरमॅट’ची चौकट रिकामी ठेवायची. तिथे खूण केली तर विंडोजचा बूटलोडर गेला. सी शाबूत राहतो, तरी विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून बीसीडीबूट ही कमांड चालवून बूटलोडर परत उभा करावा लागतो.

पेनड्राइव्ह: बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, राहिलं. बूटचा क्रम किंवा सिक्युअर बूट (फक्त सही असलेला बूटलोडर चालू देणारी फर्मवेअरची सोय) बदलला की पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी कागदावर. त्याच लॅपटॉपवरच्या फाइलीत नव्हे, हे सांगावं लागतं.

तिरकस: घड्याळाचं काय? उबंटूहून विंडोजमध्ये आलं की वेळ साडेपाच तास मागे.

उबंटूकर: मदरबोर्डवरच्या घड्याळात उबंटू जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. भारतात फरक बरोब्बर ५ तास ३० मिनिटं. उबंटूला ‘टाइमडेटसीटीएल’ कमांडने स्थानिक वेळ पाळायला सांगता येतं.

शब्दपारखी: शेवटचा शब्द: उबंटू ‘अनइन्स्टॉल’ करणे.

पेनड्राइव्ह: हा शब्द वापरूच नका. ॲप काढतात तसं उबंटू काढायचं बटण नाही. ‘पार्टिशन उडवणे’ म्हणा, आणि क्रम लिहा: आधी फर्मवेअरमध्ये जाऊन ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या नंबरवर आणायचा, विंडोज थेट सुरू होतंय ना बघायचं, मगच उबंटूचं पार्टिशन उडवायचं. ग्रबचा मेनू त्याच पार्टिशनमधल्या फाइलीतून येतो. उलट क्रमाने केलं की वर सांगितलेला काळा पडदा आणि कर्सर समोर.