सी विंग ग्रुप: पाच महिने थांबू की सोडू?

रविवार, रात्री ९:४०

सुजाता २०२: नमस्कार. विषय सोसायटीचा नाही, सेक्रेटरी काका माफ करा. ठाण्याच्या मॉलमधल्या दुकानात मी फ्लोअर सुपरवायझर आहे, ४ वर्षं ७ महिने झाले. गेल्या महिन्यात पगार १८ तारखेला झाला, या महिन्यात २२ ला. भिवंडीजवळच्या माणकोलीच्या एका गोदामातून बोलावणं आलंय, इन्वर्डला, म्हणजे आलेला माल उतरवून घेण्याच्या कामाला, शिफ्ट इनचार्ज. हातात २७,००० देतो म्हणतात, आत्ता २१,५०० येतात. बुधवारपर्यंत कळवायचंय. पण ग्रॅच्युइटीला ५ वर्षं लागतात आणि माझे पाच महिने कमी पडतायत. इतकी वर्षं घासून ते पैसे सोडायचे का, हेच कळत नाहीये.

सेक्रेटरी काका: हा ग्रुप पाणी आणि पार्किंगसाठी आहे. आता विचारलंच आहेस तर चालू दे. उद्या टाकी धुणार, १० ते ४ पाणी नाही. हेही वाचा कोणीतरी.

मीनाताई ४०३: अगं पण तुमचं दुकान तर गच्च भरलेलं असतं! गणपतीच्या आधी आले होते की मी.

सुजाता २०२: ताई, तसं दिसावं म्हणून रोज सकाळी दीड तास आम्ही राबतो. रॅकच्या पुढच्या कडेला डब्यांची एकच ओळ ओढून घ्यायची, मागे रिकामे खोके. फेसिंग म्हणतात त्याला. पूर्वी माल नीट दिसावा म्हणून करायचो, आता नाही हे दिसू नये म्हणून करतो. कपड्यांत दोन हँगरमधलं अंतर वाढवत न्यायचं. शर्ट उरलेत ते एकतर ३६ नाहीतर ४६. मागच्या आठवड्यात कुकरवाला व्हेंडर टेम्पो घेऊन आला आणि आपला माल मोजून परत घेऊन गेला. चलनावर सही मी केली. एसी दुपारी १२ नंतर लागतो. कॅरीबॅगही संपल्यात, गिऱ्हाइकाच्या शिव्या खाते बिलिंगवरची पोरगी.

मीनाताई ४०३: बाई गं. मी तिथून कुकरच घेतला होता.

निखिल ५०१: मी दिवसभर पगारपत्रकंच करतो म्हणून जरा लांबण लावतो. बेसिक किती?

सुजाता २०२: १४,३००.

निखिल ५०१: ग्रॅच्युइटी म्हणजे दर वर्षाला १५ दिवसांचा बेसिक, महिना २६ दिवसांचा धरून. भागिले २६, गुणिले १५, गुणिले ५ वर्षं. ४१,२५० रुपये. नोटीस किती आहे, महिना ना? म्हणजे थांबलीस तर नव्या पगारातला फरक ४ महिने बुडणार, ५,५०० च्या हिशेबाने २२,०००. आकड्यांत थांबणंच फायद्याचं. पण मला हा हिशेब पटत नाही. ४१,२५० देणार कोण? ज्यांच्याकडे कुकरवाल्याला द्यायला पैसे नाहीत ते? बरं, गोदामवाले पाच महिने तुझी वाट बघत बसणार नाहीत.

आणखी एक. कायद्यात सलग सेवेच्या व्याख्येत वर्षाला २४० दिवस धरलेत. त्यावरून मद्रास उच्च न्यायालयाने ४ वर्षं २४० दिवसवाल्याचा हक्क मान्य केलाय. नोटीस संपेपर्यंत तुझे ४ वर्षं ८ महिने होतील, अगदी काठावर. बऱ्याच कंपन्या मात्र ‘पूर्ण पाच’ वर अडून बसतात. बिनपगारी रजा किती झाल्या ते मोज, हजेरीचे फोटो काढून ठेव आणि अर्ज तर कर. मिळाले तर मिळाले. त्यावर घराचं बजेट बसवू नकोस.

त्याआधी उमंग अ‍ॅपवर पीएफचं पासबुक उघड. आत्ताच.

सेक्रेटरी काका: ४०२ ची स्कूटर परत माझ्या जागेवर लागली आहे.

रात्री १०:२५

सुजाता २०२: दादा, स्लिपवर दर महिन्याला १,७१६ कापलेत. पासबुकात शेवटचे तीन महिने कोरे.

निखिल ५०१: वाटलंच होतं. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावी लागते, त्यांचा हिस्साही. स्लिपा आजच घरच्या ईमेलवर पाठव, ऑफिसचं लॉगिन बंद झालं की मिळत नाहीत. आधी एचआरला लेखी विचार. आठवड्यात हलले नाहीत तर ईपीएफओच्या, म्हणजे पीएफच्या सरकारी ऑफिसच्या, तक्रार पोर्टलवर टाक. आणि नवीन ठिकाणी तोच यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, दे, पीएफ काढू नकोस. आधीच्या नोकरीची वर्षं धरून पेन्शनची १० वर्षं भरायची आहेत तुला.

आप्पा १०१: निखिलने पैशाचं सांगितलं. मी थांबण्याचं सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप लागला तेव्हा मी परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होतो, वय २४. आज मिटेल, दिवाळीला मिटेल, असं दोन वर्षं चाललं. सासरे म्हणाले, डोंबिवलीला एमआयडीसीत लावतो. मी म्हटलं, गिरणी उघडली आणि मी नसलो तर? तेवढ्यासाठी दादरला फुलबाजारात गजऱ्याचे पुडे बांधत बसलो. शेवटी गेलो एमआयडीसीतच, पण माझ्या आधी लागलेली पोरं तोवर कायम झाली होती आणि मी त्यांच्या हाताखाली.

सुजाता २०२: आप्पा, तुम्ही हे कधी सांगितलं नव्हतंत.

आप्पा १०१: विचारलं कोणी?

सुजाता २०२: पैशाचं कळलं. माझा पाय अडकतोय तो आमच्या मॅनेजरमध्ये. माझ्या परीला डेंग्यू झाला तेव्हा नऊ दिवस माझी शिफ्ट त्यांनी स्वतः ओढली, हजेरीत एक दिवस कापला नाही. आता फ्लोअरवर मी आणि दोन पोरी उरलोय. मी गेले की ते एकटे.

मीनाताई ४०३: मग त्यांना तोंडावर सांग, मेल नंतर टाक. माणसाचे उपकार माणसाला फेड. दुकानाला कशाला? आणि रात्री पावणेबाराच्या लोकलने येतेस ते परी जागी राहून बघते, मला लिफ्टमध्ये सांगत होती.

सुजाता २०२: हो. नवीन शिफ्ट ७ ते ४ आहे.

मीनाताई ४०३: मग विचारतेस काय आम्हाला!

गुरुवार, संध्याकाळी ७:१०

सुजाता २०२: काल सकाळी सरांना सांगितलं. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, मेलमध्ये तारीख नीट घाल, मी लगेच मंजूर करतो, माझ्या वरचा बसला तर लटकवेल. दहा मिनिटांत मंजुरीचं उत्तर आलं. एचआर म्हणते रिलीव्हिंग लेटर हिशेब पूर्ण झाल्यावर, आणि हिशेबाला ४५ दिवस. पीएफचं विचारलं त्यावर अजून उत्तर नाही.

निखिल ५०१: मंजुरीचा मेल जपून ठेव. गोदामवाल्यांना आत्ताच कळव की पत्राला उशीर होईल, तोवर मंजुरी आणि शेवटच्या तीन स्लिपा चालतील का. बहुतेक चालतात. पीएफची तक्रार मी रविवारी भरून देतो, लॅपटॉप घेऊन ये.

सेक्रेटरी काका: माणकोलीला जाणार कशी? स्टेशनला जाऊन बसने फिरून गेलीस तर तास मोडेल.

सुजाता २०२: तेच बघतेय काका. रिक्षावाला खाडीच्या पुलावरून यायला परतीचं भाडंही मागतो.

सेक्रेटरी काका: माझा धाकटा मोठागावच्या पुलावरूनच जातो, त्याचं गोदाम माणकोली नाक्याच्या पुढे आहे. बाइकवर मागची सीट रिकामीच असते. ६:२० ला गेटवर. हेल्मेट तुझं तू आण.

सुजाता २०२: आणते काका. आणि ४०२ च्या स्कूटरची चावी माझ्याकडेच असते, काढते आत्ता.