मदत हवी आहे : दाराशी उभा राहणारा तीन वर्षांचा मुलगा

नमस्कार. मी जर्मनीत एका किटामध्ये, म्हणजे पाळणाघर-बालवाडीत, काम करते. आमच्या गटात अफगाणिस्तानातून आलेला तीन वर्षांचा मुलगा आहे. त्याच्या घरी 'दारी' ही अफगाणिस्तानातली भाषा बोलतात. इथे बर्लिन पद्धतीने मुलांना रुळवतात: पहिले 3 दिवस आई सोबत बसते, चौथ्या दिवशी थोडा वेळ बाहेर जाऊन पाहते. आमचा दुसरा आठवडा संपला, तरी आई उठली की तो तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरून दाराशी जातो. रडत नाही, नुसता उभा राहतो. रडला असता तर बरं, असं वाटतं. परवा मी सहज 'दरवाजा' म्हणाले आणि त्याने चटकन वर पाहिलं! दारीतही दरवाजाच म्हणतात.

आईला वाटतं, घरीही आता जर्मनच बोलायला हवं. घरी तुमचीच भाषा बोला, हे मी मोडक्यातोडक्या शब्दांत सांगते, पण तिला पटत नाही. दुभाषी रोज मिळत नाही, आणि मोठ्या बहिणीला मध्ये घालणं मला बरोबर वाटत नाही, तीही लहानच आहे.

निर्वासित मुलांबरोबर काम केलेलं कुणी आहे का? चित्रकार्डं, आईच्या आवाजातली अंगाई, नेमकं काय उपयोगी पडलं? सोमवारच्या आत कळलं तर फार बरं होईल.