मेंदूला मार बसल्यानंतर: घरी आणल्यावरचे अनुभव

माझ्या धाकट्या दिराच्या डोक्याला मार लागला त्याला आता बरीच वर्षं झाली. आयसीयूतल्या दिवसांबद्दल सगळेच सांगतात, पण ते दिवस डॉक्टर आणि सिस्टर निभावून नेतात. घरच्यांची कसोटी लागते ती डिस्चार्जनंतर. फाइलवर ‘प्रकृती स्थिर’ लिहिलेलं असतं, पाहुणे नारळ-मोसंबी देऊन जातात, आणि आठवड्याभरात लक्षात येतं की दवाखान्यात नेला तो माणूस काही परत आलेला नाही. त्या पुढच्या काळाबद्दल इथे लिहा. नाव नको, नातं आणि गाव पुरे. औषधांचे डोस कुणी कुणाला सुचवायचे नाहीत, ही एकच अट.

नव्याने या फेऱ्यात सापडलेल्यांसाठी थोडं आधी सांगते, कारण पहिल्या दिवसापासून ‘जीसीएस किती?’ हेच कानावर पडतं. जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल; १९७४ साली ग्लासगोच्या दोन न्यूरोसर्जननी ही शुद्धीची मोजणी मांडली. डोळे उघडण्याचे ४ गुण, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, असे जास्तीत जास्त १५. सगळ्यात कमी ३, शून्य नसतंच. ८ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर. पण हा आकडा माणूस किती शुद्धीवर आहे एवढंच सांगतो. पुढे त्याला हिशेब जमेल का, नोकरी टिकेल का, हे तो सांगत नाही. आमच्या दिराचा ७ होता, आज तो किराणा दुकान सांभाळतो. ओळखीतल्या एका मुलाचा १४ होता, त्याचं कॉलेज सुटलं.

बायको, तासगावजवळ

ह्यांची गाडी रात्री उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ह्यांचं हेल्मेट हँडलला अडकवलेलं. मेंदूला सूज चढली म्हणून कवटीचा डावीकडचा तुकडा काढला आणि पोटाच्या कातडीखाली ठेवला, तिथं हाड चांगलं राहतं म्हणाले. ते परत बसवेपर्यंत डोक्याची ती बाजू खोलगट दिसायची, त्या कुशीवर झोपवायचं नाही अशी ताकीद होती. सासूबाई रोज रात्री पोटाला हात लावून बघायच्या, हाड जागेवर आहे ना म्हणून.

हाड बसलं, टाके सुकले, आणि खरा त्रास तिथनं पुढं. माणूस मुळात मवाळ, कुणाला अरे म्हणणार नाही. आता पाव्हण्यांसमोर आईला शिव्या. आणि दुसरीकडं, ‘उठा, अंघोळ करा’ म्हटल्याशिवाय दुपारपर्यंत कॉटवरनं हलत नाहीत. भावकी म्हणते आळशी झालाय, बायकोनं लाडावून ठेवलाय. डॉक्टरांनी समजावलं की कपाळामागच्या भागाला मार आहे. राग आवरणं तिथनंच होतं आणि आपणहून काम हातात घेणंही तिथनंच. हे कळल्यावर मला निदान रडायचं थांबवता आलं.

आम्हाला काय उपयोगी पडलं ते सांगते. चिडले की वाद घालायचा नाही, विषय बदलायचा किंवा खोलीतनं बाहेर जायचं. एका वेळी एकच माणूस बोलणार आणि तेव्हा टीव्ही बंद. भिंतीवर दिवसाचं वेळापत्रक मोठ्या अक्षरात, एकेक काम झालं की त्यांनीच पेनानं खूण करायची. एटीएम कार्ड माझ्याकडं, कारण एकदा बाजारात गेले ते हप्त्यावर तीन मोबाइल घेऊन आले. फिटची गोळी बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही, हे तर पहिलं.

पेशंट स्वतः, पुणे

माझा सीटी स्कॅन नॉर्मल आला, म्हणून सगळ्यांनी मलाही नॉर्मल धरलं. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, फ्रॅक्चर दिसतं. मेंदूतले बारीक तंतू ताणले किंवा तुटले तर पुष्कळदा काहीच दिसत नाही. बँकेत काउंटरवर बारापर्यंत मी ठीक असतो. त्यानंतर समोरचा काय बोलतोय ते ऐकू येतं, पण पोचत नाही. मिक्सर, हॉर्न, लग्नाचा हॉल नको वाटतात. क्रिकेटमध्ये २०१९ पासून कन्कशन झालेल्या (डोक्याला मार बसून मेंदू हादरलेल्या) खेळाडूच्या जागी बदली खेळाडू उतरवता येतो. बँकेत तशी सोय नाही! साहेबांना न्यूरोसायकॉलॉजिस्टचा (मेंदूच्या इजेनंतर लक्ष, स्मरण तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचा) रिपोर्ट दाखवला तेव्हा कुठे अर्धा दिवस बॅक ऑफिसचं काम मिळालं.

ज्याबद्दल मला कुणीच आधी सांगितलं नाही ती गोष्ट म्हणजे वास. वासाच्या नसा नाकाच्या छतातून मेंदूकडे जातात आणि डोक्याला जोराचा हिसका बसला की तुटू शकतात. दूध करपून धूर झाला तरी शेजारच्या खोलीत मी पेपर वाचत बसलेला. डब्यातली आमटी आंबली का, हेही दुसऱ्याला विचारावं लागतं. वास गेलेल्यांनी घरात गॅसगळतीचा अलार्म बसवून घ्याच.

मुलगा, देवगड

बाबा आंबे काढताना खाली आले. मार डाव्या बाजूला, त्यामुळे उजवा हात आणि बोलणं दोन्ही गेलं. समजतं सगळं, शब्द निघत नाही. पाणी हवं असलं तर ‘चमचो, चमचो’ करायचे आणि स्वतःवरच चिडायचे. चिडले की मात्र अस्सल मालवणी शिवी, एकदम स्वच्छ! चतुर्थीला तर टाळ हातात घेऊन अख्खी आरती म्हटली. आई रडायला लागली, तिला वाटलं बरे झाले. दुसऱ्या दिवशी परत ‘चमचो’. स्पीच थेरपिस्टने सांगितलं की पाठ असलेलं, मोजणी आणि शिव्या या नेहमीच्या बोलण्यापेक्षा वेगळ्या वाटेने येतात. तिने तीच वाट धरली. आरतीच्या चालीवर ‘माका पाणी दी’ म्हणायला लावलं, मग हळूहळू चाल काढून घेतली.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मुंबई

‘दोन वर्षं झाली की सुधारणा थांबते’ असं अनेकांना सांगितलेलं असतं. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, हे खरं. पण नंतर काहीच होत नाही, हे खरं नाही.

पेशंट अंथरुणात असेल तर दोन-दोन तासांनी कूस बदला, पाऊल लोंबतं ठेवू नका, आणि उठवताना लुळा हात धरून कधीही ओढू नका; खांदा निसटतो. शुद्धीवर आलेल्याला रबरी चेंडू दाबायला देण्यापेक्षा कोथिंबीर निवडायला द्या, कणीक मळायला द्या, रिक्षाचे पैसे त्यालाच मोजू द्या. आमच्या पेशंटपैकी एक काकू चहा करायला शिकल्या तेव्हा साखर दोनदा पडायची. ओट्यावर चार ओळींचा कागद चिकटवला, सुटला प्रश्न. खाजगी सेंटर परवडत नसेल तर हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, केईएम आणि सायनलाही आमचे विभाग आहेत.

सून, लेस्टर (इंग्लंड)

इथे हेडवे ही संस्था १९७९ पासून याच कामात आहे. त्यांचं एक ओळखपत्र मिळतं: मेंदूला इजा झालेली आहे, बोलणं अडखळतं वगैरे. सासऱ्यांची चाल झोकांडते आणि जीभ जड आहे, लोक दारुडा समजतात. कार्ड दाखवलं की लोकांचा सूर बदलतो.

आई, मराठवाडा

पोरगं चालतंय, बोलतंय, जेवतंय. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. दीड एकर विकलं. लोकांनी ‘बाहेरचं बघा’ म्हणून लिंबू-अंगाऱ्यावरही पैसे घालवायला लावले. दिव्यांग दाखल्याला गेलो तर हात-पाय हलवून बघितले आणि म्हणाले, चालतो की! २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात डोक्याचा मार असा वेगळा प्रकार नाही. शेवटी मानसशास्त्रज्ञाकडून स्मरणशक्तीची चाचणी करून तो रिपोर्ट जोडला, मग कागद हलला. अपघाताचा दावा अजून लावलेला नाही.

(सुरुवातीला लिहिलं ती मीच, मधे सांगते:) ताई, दाव्याचं आधी बघा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. उलटली असली तरी घरी बसू नका, वकिलाला विचारा. एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत, डिस्चार्ज कार्ड आणि औषधाचं प्रत्येक बिल जपून ठेवा. पुढचा उपचार आणि सांभाळायला ठेवलेल्या माणसाचा खर्चही मागता येतो, तो वकील विसरले तर तुम्ही आठवण करा.

मुलगी, सातारा

देवगडच्या दादांचं वाचून विचारते. आईला थेरपीत ओळखायला जी चित्रं देतात त्यात स्नोमॅन आहे, टोस्टर आहे. तिने ते आयुष्यात कधी वापरले नाहीत, मग न ओळखल्याचा गुण कापला जातो. मी खलबत्ता पुढे ठेवला तर दोन सेकंदांत नाव सांगितलं. आपल्या घरातल्या वस्तूंचे फोटो कुणी गोळा केले असतील तर पाठवाल का? नसतील तर या रविवारी मीच काढायला घेते. विळी, पोळपाट, चाळणी, सूप, अडकित्ता एवढं झालंय; पुरुषांसाठी काय काय घ्यावं?