मदत हवी आहे: कर्नल अपडेटनंतर कर्नल पॅनिक, बूट पार्टिशन भरलंय

नमस्कार मंडळी,

लिनक्सचं कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेट झाल्यापासून लॅपटॉप नव्या कर्नलवर सुरूच होत नाही. ग्रबचा (कोणतं कर्नल सुरू करायचं ते निवडू देणाऱ्या बूट लोडरचा) मेनू येतो, पण पहिला पर्याय निवडला की कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नल गंभीर चूक दाखवून तिथेच थांबतं: रूट फाइल सिस्टिम माउंट करता येत नाही, अननोन ब्लॉक (०,०). अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुनं कर्नल घेतलं तर सगळं सुरळीत चालतं, म्हणजे डिस्क शाबूत आहे.

बूट फोल्डरमध्ये नव्या कर्नलची फाइल दिसते, तिच्या जोडीची इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी छोटी तात्पुरती फाइल सिस्टिम, जिच्यातून खरी डिस्क उघडली जाते) नाही. डिस्क एन्क्रिप्टेड असल्याने बूटचं पार्टिशन वेगळं, ५१२ एमबीचं, आणि ते काठोकाठ भरलंय. इनिटरॅमएफएस बनतानाच जागा संपली असणार.

खरी अडचण पुढे आहे. जुनी कर्नल काढायला गेलं की पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर बसवणारा-काढणारा प्रोग्रॅम) आधी अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला बघतो आणि जागेअभावी तिथेच अडतो. सगळ्यात जुन्या कर्नलची इनिटरॅमएफएस हाताने पेन ड्राइव्हवर हलवली तर चालेल का? चालू कर्नलला अर्थातच हात लावणार नाही. आणि नव्या इनिटरॅमएफएसमध्ये क्रिप्टसेटअप (एन्क्रिप्टेड डिस्क उघडणारं साधन) आलंय की नाही, हे रीबूट करण्याआधी कसं तपासायचं? ते नसेल तर पासवर्डच विचारला जाणार नाही, याची जास्त धास्ती वाटते. डेटाचा बॅकअप घेतलेला आहे.