फिशर मॉनिटरिंगची फील्ड इंटर्नशिप (सदर्न सिएरा, कॅलिफोर्निया): जाऊ की नको?

खारुताई
नमस्कार मंडळी. मी इकडे वाइल्डलाइफ बायोलॉजीत मास्टर्स करतेय, एफ-१ (स्टुडंट व्हिसा) वर आहे, पहिलं वर्ष मेमध्ये संपतंय. सदर्न सिएरा नेवाडात फिशरवर काम करणाऱ्या एका प्रोजेक्टची समर इंटर्नशिप मिळालीये, मेच्या मध्यापासून ऑगस्टअखेर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फिशर म्हणजे ऊद आणि मार्टेनच्या कुळातला लांब शेपटीचा काळपट तपकिरी प्राणी, मादी जेमतेम दोन-अडीच किलोची, नर बराच मोठा, दाट जुन्या जंगलात राहतो. सदर्न सिएरात ते काहीशेच उरलेत आणि उत्तरेकडच्या फिशरपासून तुटलेत, म्हणून २०२० मध्ये या पॉप्युलेशनला फेडरल एन्डेंजर्ड लिस्टमध्ये टाकलं.

काम काय तर कॅमेरा स्टेशन लावणं-तपासणं, रेडिओ कॉलर घातलेल्या माद्यांची टेलिमेट्री (म्हणजे सिग्नलवरून माग काढणं), डेनच्या (पिल्लांच्या ढोलीच्या) झाडांवर नजर ठेवणं आणि झाडांची मापं. प्राणी पकडायच्या कामात इंटर्न नाही. आठवड्याला अडीचशे डॉलर स्टायपेंड, राहायला बंकहाऊस, फील्डची गाडी त्यांची. लॅबमधले म्हणतात एवढ्याशा पैशात राबवून घेतील, त्यापेक्षा समरला आरए (रिसर्च असिस्टंटशिप) घे. माझा आतापर्यंत सगळा वेळ लॅपटॉपसमोर गेलाय, ऑक्युपन्सी मॉडेलं (प्राणी कुठे आहे-नाही याचा अंदाज काढणारी) चालवली ती पण दुसऱ्यांच्या डेटावर, फील्ड म्हणाल तर क्लासच्या ट्रिपा. कोणी असं काम केलंय का? शिकायला मिळतं की नुसत्या बॅटऱ्या बदलायच्या? व्हिसाचं काय करायचं? आणि फिशर दिसतो का हो? 🙂 (आईला अजून सांगितलं नाहीये की तिथे अस्वलं आणि माउंटन लायन दोन्ही आहेत.)

भटकभवानी
मी केलंय, याच प्राण्यावर, त्याच पट्ट्यात, प्रोजेक्टचं नाव नको. शेवटचा प्रश्न आधी: दिसला तर नशीब. अख्खा सीझन तू त्याच्या मागे असतेस आणि तो भेटतो कुठे, तर रिसीव्हरच्या टिकटिकीत, ब्रशला अडकलेल्या चार केसांत, नाहीतर रात्री अडीचच्या काळ्यापांढऱ्या फोटोत. हे चालणार असेल तरच जा. "मला वन्यप्राणी जवळून बघायचेत" असं म्हणत आलेली मुलं पंधरा दिवसांत कंटाळलेली बघितलीत.

स्टेशन म्हणजे काय ते सांगते. एका झाडाला चिकनचा तुकडा जुन्या मोज्यात घालून तारेने बांधायचा, वर स्कंकच्या वासाचा ल्यूर (प्राण्याला ओढणारा वास) चोपडायचा, समोरच्या झाडावर कॅमेरा. खोडावर बंदुकीची नळी साफ करायचे बारीक तारेचे ब्रश ठोकलेले असतात, फिशर चढला की केस अडकतात आणि लॅबमध्ये त्या केसांवरून नर की मादी आणि कुठला फिशर तेही कळतं. त्या ल्यूरबद्दल जास्त लिहीत नाही, एवढंच सांगते की त्या बाटलीचं झाकण तू स्वतः तपासत जा, नाहीतर गाडीत कोणी बसणार नाही. फोटोंमध्ये बहुतेक वेळा खारी, ग्रे फॉक्स, आणि अस्वल. अस्वल चिकन खातं आणि मग कॅमेरापण चावून बघतं.

टेलिमेट्री मला सगळ्यात जास्त आवडली आणि सगळ्यात जास्त रडवलं पण तिनेच. कॅन्यनमध्ये सिग्नल समोरच्या ग्रॅनाइटवर आपटून येतो आणि तू मोठ्या आत्मविश्वासाने चुकीच्या डोंगराकडे अँटेना धरून उभी. म्हणून तीन ठिकाणांहून बेअरिंग (सिग्नलची दिशा) घ्यायचं, नकाशावर रेघा मारायच्या, त्रिकोण मोठा आला तर परत घ्यायचं, फिशर तोवर हलला असेल तर सगळंच परत. मग पायी निघायचं, पडलेले ओंडके ओलांडत, मॅन्झनिटाच्या झुडपांतून कपडे फाडत, आणि जसजसं जवळ जाल तसतसा रिसीव्हरचा गेन (सिग्नल पकडायची ताकद) कमी करत जायचं. शेवटी अँटेनाची वायर काढली तरी टिकटिक ऐकू येते, तेव्हा समजायचं की या दोन-चार झाडांपैकीच एकावर बाई बसल्यात. मान मोडेपर्यंत वर बघायचं आणि काहीही दिसत नाही.

तू जातेयस तो डेनिंगच्या मधला काळ आहे. माद्या साधारण मार्चअखेर ते एप्रिलमध्ये ब्लॅक ओक नाहीतर जुन्या फर, सीडरच्या ढोलीत वितात. ढोलीचं तोंड मुद्दाम अरुंद बघून घेतात, नर आत शिरू शकत नाही असं. विल्यावर आठ-दहा दिवसांत परत नराशी जुगतात आणि तो गर्भ पुढे कितीतरी महिने वाढायचा थांबून राहतो, म्हणजे वर्षातला जवळजवळ सगळा वेळ बाई गरोदरच. मेमध्ये ती पिल्लांना मानेला धरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर हलवत असते, त्यामुळे तुम्ही मोठ्या मेहनतीने शोधून कॅमेरा लावलेलं झाड दोन दिवसांत रिकामं. पण खोडावर रोखलेल्या कॅमेऱ्यात ती उतरताना सापडली ना, डोकं खाली, मागचे पंजे घोट्यातून साफ उलटे वळवून सालीत रोवलेले, की सगळ्या चिकनचा वास माफ.

आणि झाडांची मापं घेण्याचं काम टाळू नकोस, इंटर्न लोक त्यालाच नाकं मुरडतात. २०१२ ते २०१६ चा दुष्काळ, त्यात बार्क बीटल (झाडाची साल पोखरणारे किडे), मग २०२० ची क्रीक फायर, ती एकटीच पावणेचार लाख एकरांच्या वर गेली. ढोली पडण्याइतकं झाड जुनं व्हायला शतक तरी लागतं. आग लागू नये म्हणून जंगल विरळ करायचं आणि फिशरला तर दाट सावली हवी, या भांडणात कुठलं झाड ठेवायचं हे ठरवताना त्याच मापांचा आधार असतो.

कागदीघोडे
फक्त व्हिसाचं. एफ-१ वर असताना "स्टायपेंडच तर आहे, पगार थोडीच" हे चालत नाही, पैसे घेतले की ते काम झालं, राहायची फुकट जागा पण मोबदल्यात धरली जाऊ शकते. सीपीटी लागेल, म्हणजे शिक्षणाचा भाग म्हणून काम करायची परवानगी. त्यासाठी इंटर्नशिप कोर्सचा भाग असावी लागते, म्हणजे बहुतेक ठिकाणी इंटर्नशिप क्रेडिट घ्यावं लागतं किंवा थिसिसशी जोडून दाखवावं लागतं. एक अख्खं अकॅडमिक वर्ष पूर्ण झालेलं हवं, तुझं मेमध्ये होतंय, बरं झालं. नवीन आय-२० वर (युनिव्हर्सिटी देते तो व्हिसाचा फॉर्म) एम्प्लॉयरचं नाव आणि तारखा छापून आल्याशिवाय एक दिवसही सुरू करायचं नाही, "ट्रेनिंगला आधी ये" म्हणाले तरी नाही. फुलटाइम सीपीटी बारा महिने झाली की ओपीटी (डिग्रीनंतर काम करायची परवानगी) जातं, तीन-साडेतीन महिन्यांनी काही होत नाही.

अजून एक, ऑफर लेटरमध्ये पैसे कोण देतंय ते नीट वाच. अमेरिकोर्प्सची (सरकारी सेवा कार्यक्रमाची) जागा असेल तर ती सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळते, सिलेक्शन झाल्यावर कळण्यात अर्थ नाही. युनिव्हर्सिटी किंवा नॉन-प्रॉफिट पैसे देत असेल तर सोपं. आणि तुमच्या युनिव्हर्सिटीचा हेल्थ इन्शुरन्स समरमध्ये चालू राहतो का तेही विचार, कडेकपारीत फिरायचंय.

दगडधोंडे
वर सगळं छान छान चाललंय म्हणून जरा उलटं लिहितो. अडीचशे डॉलर आठवड्याला, आणि फील्डचा आठवडा चाळीस तासांत कधी संपत नाही. या क्षेत्रात पॅशनच्या नावाखाली स्वस्तात काम करून घ्यायची जुनी सवय आहे आणि आपण "अनुभव मिळेल" म्हणत ती चालू ठेवतो. ज्याला घरून पैसे येतात तोच असा अनुभव घेऊ शकतो, बाकीचे समरमध्ये पिझ्झा पोचवतात आणि मग नोकरीच्या मुलाखतीत त्यांना विचारतात फील्ड एक्स्पीरियन्स का नाही. आरए मिळत असेल तर मी डोळे झाकून तेच घेतलं असतं. नाहीच तर निदान हे विचारून घे: सुट्टी किती, सुट्टीच्या दिवशी डोंगरावरून खाली यायला गाडी मिळते का, आणि तू गोळा केलेल्या डेटावर तुला पुढे काही करता येईल का. नाही म्हणाले तर मग तू चिकन बांधणारी हमालच.

भटकभवानी
@दगडधोंडे पैशांचं पटलं, शंभर टक्के. पण खारुताईचं मॉडेलिंग आधीच पक्कं आहे, तिच्याकडे नाहीये ते हेच. आरए घेऊन ती अजून एका समरला दुसऱ्याच्या स्प्रेडशीटवर काम करेल. डेटाबद्दल मात्र नक्की लेखी विचार.

शून्यएक
मी फील्डचा माणूस नाही, कॅमेऱ्याचे फोटो टॅग करायचं आणि मॉडेलचं काम करतो. खारुताई, तुला ऑक्युपन्सी येतं म्हणजे शून्य किती महागाचं असतं ते तुला सांगायला नको. फिशर आला नाही, की आला आणि कॅमेऱ्याने पकडला नाही? आमच्याकडे कागदावर दोन्ही शून्यच येतात. अस्वलाने पहिल्याच रात्री चिकन पळवलं, कॅमेरा ढकलून आभाळाकडे तोंड करून ठेवला, फांदी हलून हजारो रिकामे फोटो आले आणि कार्ड भरलं, यातलं काहीही नोंदलेलं नसेल तर ते स्टेशन तीन आठवडे "चालू" समजून मी शून्य भरतो आणि डिटेक्शन प्रॉबॅबिलिटी (फिशर असेल तर तो टिपला जायची शक्यता) खाली जाते. फील्डवरून परत आलेली माणसं डेटाशीटच्या कोपऱ्यात "मोजा गायब, ताजे नखांचे ओरखडे" असं लिहून आणतात, ती मला सोन्यासारखी वाटतात. तू गेलीस तर अशी शीट लिहिशील आणि नंतर तीच वापरशील, हे दोन्ही करणारे फार थोडे आहेत. मी पैशांचा विचार करून गेलो नाही, तेव्हा सल्ला द्यायचा अधिकार किती ते तूच ठरव.

फोटो ओळखायचं एक सांगतो. उंचावर गेलात की मार्टेनपण येतो, त्याचे कान मोठे आणि गळ्यावर फिकट पिवळा-केशरी पट्टा. फिशर काळपट, कान छोटे गोल, मागचा भाग जड.

खारुताई
बापरे, एवढं सगळं! थँक्यू सगळ्यांना. @भटकभवानी ताई, सेफ्टीचं कसं असतं? ऑफरमध्ये "कधीकधी एकट्याने काम" असं लिहिलंय. आणि कॉलर असलेला फिशर मेला तर इंटर्नला जावं लागतं का?

भटकभवानी
जावं लागू शकतं. कॉलर बराच वेळ हलली नाही की टिकटिक एकदम वेगात येते, त्याला मॉर्टॅलिटी सिग्नल म्हणतात, आणि ती ऐकली की लवकरात लवकर पोचायचं, उशीर झाला तर कारण कळत नाही. आधी फोटो, मग ग्लोव्हज, आजूबाजूचे ठसे, केस सगळं गोळा करायचं. जास्त करून बॉबकॅट नाहीतर माउंटन लायनने मारलेले असतात, चाव्यावरच्या लाळेच्या डीएनएवरून कळतं कोणी ते. आणि उंदराच्या विषाची भानगड आहेच. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ५८ मेलेल्या फिशरवरचा पेपर आला होता, त्यातल्या ४६ जणांच्या अंगात ते विष सापडलं. संशय जंगलात चोरून केलेल्या गांजाच्या शेतीवर, पिकाला उंदीर लागू नयेत म्हणून तिथे ते टाकतात.

म्हणून सेफ्टीत अस्वलाची भीती मला सगळ्यात कमी वाटायची. ओढ्याच्या कडेने काळा प्लास्टिक पाइप जाताना दिसला, नको तिथे खताची पोती दिसली, की आलात तसे मागे फिरायचं, फोटो काढत बसायचं नाही, पुढे गेल्यावर जीपीएस पॉइंट घेऊन सुपरवायझरला सांगायचं. सकाळी कुठे जातोय ते फळ्यावर लिहिणं, ठरलेल्या वेळी रेडिओवर चेक-इन, आणि चेक-इन चुकलं तर किती वेळात कोण शोधायला निघतं, हे तीन प्रश्न विचारच. तिसऱ्याला फोनवर समोरचा अडखळला तर मी जाणार नाही. एकट्याने टेलिमेट्री रस्त्यावरून करणं ठीक, डेनला पायी जाणं दोघांनीच. फॉरेस्ट रोडवर फोर बाय फोर चालवायला शिकवतात का तेपण विचार, तिथे खरे अपघात गाडीचेच होतात.

खारुताई
अपडेट: काल त्यांच्याशी बोलले. पैसे युनिव्हर्सिटीमार्फत येतात, अमेरिकोर्प्स नाही. चेक-इनचं उत्तर पटकन आणि नीट दिलं, एक तास उशीर झाला की बंकहाऊसवरून जोडी निघते म्हणाले. डेनला दोघंच. स्टायपेंड वाढणार नाही, पण कॅमेरा डेटा थिसिसच्या एका चॅप्टरला वापरता येईल असं ईमेलवर लिहून दिलंय. सीपीटीसाठी सोमवारची अपॉइंटमेंट आहे. लॅबमधले अजूनही नाकं मुरडतायत. बुटांचं काहीतरी सांगा, आणि पॉयझन ओकचं (अंगाला लागला की खाज सुटते ते झुडूप)!

भटकभवानी
बूट घोट्याच्या वर येणारे, आत्ताच घे आणि जाईपर्यंत घालून पायाला सवयीचे करून ठेव, नवेकोरे घेऊन येऊ नकोस. पॉयझन ओक खालच्या उंचीवर असतो, तीन-तीन पानं दिसली की लांब. संध्याकाळी गार पाणी आणि साबणाने घासून धुवायचं, आणि ते कपडे अंथरुणावर टाकायचे नाहीत, त्याचं तेल कपड्याला बरेच दिवस राहतं.

दगडधोंडे
लेखी घेतलंस ते बेस्ट. जा मग. आणि जादा तास रोजच्या रोज लिहून ठेव, पुढच्या वर्षीच्या इंटर्नला उपयोगी पडतील.